प्रकाशकाच्या जुन्या कागदपत्रांचे गठ्ठे सोडण्याआधी

आधी फोटो काढा, मगच दोरी सोडा. कागदांचा क्रम मोडू नका. कवीच्या पत्रामागे कागदवाल्याचं बिल असेल तर तिथंच राहू द्या. साठोत्तरी (१९६० नंतरचा) कवितासंग्रह का रखडला, ते अनेकदा त्या बिलातच कळतं. किती प्रती निघाल्या हा आकडाही छापखाना आणि बाइंडरच्या बिलांशी ताडून पाहा. गंजलेली टाचणी ओढू नका, कागद फाटतो. खाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवून सोडवा. गॅली प्रुफं (छपाईआधी चुका तपासायला काढलेले लांब कागद) न्यूजप्रिंटवर, म्हणजे वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदावर असतील तर त्यातलं आम्ल शेजारचं पत्रही पिवळं करतं, मध्ये आम्लमुक्त कागद घाला. क्रमांक टूबी पेन्सिलीनं. सेलोटेप, लॅमिनेशन अजिबात नको! ठाण्यात खाडीची दमट हवा, त्यामुळे खोकी जमिनीपासून १५ सेंटिमीटर उंच आणि भिंतीपासून दूर ठेवा. बुरशीचा गठ्ठा त्याच दिवशी वेगळा करा.