गाण्याची पट्टी (‘सा’ कुठल्या सुरावर धरायचा ते) ठरवताना अंतरा आधी गाऊन बघ
मुखडा आरामात जातोय म्हणून पट्टी फिक्स करू नकोस, नवीन असताना सगळे इथेच फसतात, मी पण फसलोय, गणपतीत काळी दोनला (पेटीची दुसरी काळी पट्टी ‘सा’ धरून) मुखडा झकास गायलो आणि अंतऱ्यात वरच्या गंधारावर (‘ग’वर) आवाज असा चिरकला की तबलजी मान खाली घालून हसत होता.

सध्या एवढंच कर:
- अंतऱ्यातली सगळ्यात वरची ओळ पेटीवर धर. न ओरडता तीनदा लागली पाहिजे.
- मग सगळ्यात खालचा सूर. तिथे नुसती हवा येत असेल तर पट्टी जरा चढव.
- ओरिजिनल पट्टीचा हट्ट नको, एखाद्या गायिकेचं काळी पाचचं गाणं आपण काळी एक-दोनला गायलं तर बिघडत नाही.

ट्रान्सपोज (वाजवताना गाणं नव्या पट्टीत नेणं) वगैरे नंतर बघू.