ग्रीक-इराणी युद्धांवर लिहू पाहणाऱ्या विद्यार्थिनीस

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. ‘स्वातंत्र्यप्रिय युरोप विरुद्ध हुकूमशाही आशिया’ हे शीर्षक आधी काढून टाक. असे शीर्षक एकदा ठरले की पुरावाही त्याच्याच सोयीने निवडला जातो, आणि या विषयात तर कोण कोणत्या बाजूला उभे होते हे तपासल्यावाचून एक पानही लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या तपासणीचे एक उत्तम साधन आज इस्तंबूलमध्ये, जुन्या हिप्पोड्रोमच्या, म्हणजे रथशर्यतींच्या मैदानाच्या, जागी, उघड्यावर उभे आहे. इ.स.पू. ४७९ मध्ये प्लाटियाला इराणी सैन्याचा पराभव केल्यावर ग्रीकांनी लुटीच्या एका हिश्शातून डेल्फीच्या देवाला जे अर्पण केले, त्यातला हा स्तंभ. एकमेकांना वेढलेले तीन कांस्याचे साप. त्यांची डोकी आता जागेवर नाहीत, पण वेटोळ्यांवर युद्धात उतरलेल्या ३१ राज्यांची नावे कोरलेली आहेत. ग्रीक नगरराज्ये होती शेकड्यांनी. त्या यादीत थीब्ज हे ग्रीक नगर सापडत नाही, कारण प्लाटियाच्या रणांगणावर थीब्जचे सैनिक इराणी सेनापती मार्डोनियसच्या बाजूने अथेन्सकरांशी लढत होते. आर्गोस या ग्रीक नगराने अंग काढून घेतले. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरचे आयोनियन ग्रीक तर आदल्याच वर्षी सॅलामिसच्या आरमारी लढाईत इराणी सम्राट झर्क्सिसच्या बाजूने होते. त्यांच्यासाठी अथेन्सचा सेनानी थेमिस्टोक्लिस याने, त्याआधीच्या आर्टेमिसियमच्या आरमारी लढाईतून माघार घेताना, पाणवठ्यांजवळच्या खडकांवर निरोप कोरवून ठेवला होता: आमच्याकडे या, ते जमत नसेल तर बाजूला राहा, तेही जमत नसेल तर हात राखून लढा. आयोनियन फुटले तर उत्तम, आणि नाही फुटले तरी झर्क्सिसला त्यांचा संशय येईल, असा त्यामागचा हिशेब प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. पुढे याच थेमिस्टोक्लिसला अथेन्सने हद्दपार केले आणि अखेरीस तो इराणी सम्राटाच्या आश्रयाला गेला, हेही तुझ्या प्रबंधात यायला हवे.

हिरोडोटस स्वतः हॅलिकार्नाससचा, म्हणजे इराणी सत्तेखालच्या नगरातला. सॅलामिसला त्या नगराची राणी आर्टेमिसिया झर्क्सिसच्या बाजूने लढली. इराण्यांविषयी त्याला कुतूहल आहे, द्वेष नाही. मात्र त्याचे आकडे जसेच्या तसे उचलू नकोस. झर्क्सिसबरोबरच्या माणसांची संख्या तो ५२,८३,२२० सांगतो आणि एवढ्यांना रोज किती धान्य लागेल याचाही हिशेब मांडतो. ती संख्या आज कोणी खरी धरत नाही. पण पुढच्या पिढीतल्या ग्रीकांना आपला विजय केवढा वाटत होता, याचा पुरावा म्हणून ती जरूर वापर.

इराणी बाजूने या युद्धांचा वृत्तांत उपलब्ध नाही. इराणी राजधानी पर्सेपोलिसला सापडलेल्या मातीच्या हजारो पाट्या आहेत, बहुतेक एलमाइट भाषेतल्या, शिधावाटपाच्या. त्यातली एक चक्क ग्रीकमध्ये आहे आणि तिच्यावर काय, तर दोन माप द्राक्षमद्याची नोंद! इराणी साम्राज्याच्या हिशेबनिशीत ग्रीकही वावरत होते, याची एवढी साधी साक्ष दुसरी नसेल.

म्हणून इराण्यांची बाजू धुऊन काढायला मात्र जाऊ नकोस. आजकाल तोही एक सोपा मार्ग झाला आहे. इराण्यांच्या हातून इ.स.पू. ४९४ मध्ये मिलेटस हे ग्रीक नगर उद्ध्वस्त झाले, ४९० मध्ये एरेट्रिया या ग्रीक नगराची देवळे जळली आणि तिथले लोक कैद करून नेले गेले, ४८० मध्ये अथेन्स पेटवले गेले. हे सर्व प्रत्यक्ष घडलेले आहे आणि तुझ्या प्रबंधात ते पूर्ण वजनानिशी आले पाहिजे.

सुरुवात मॅरेथॉनच्या लढाईपासून करू नकोस. इराणी सत्तेविरुद्धच्या आयोनियन ग्रीकांच्या बंडाच्या मदतीला अथेन्सने २० जहाजे पाठवली आणि त्या मोहिमेत सार्डिस हे इराणी प्रांताचे मुख्य शहर जळाले, तिथूनही नको. त्याच्याही थोडे मागे जा. इ.स.पू. ५०७ च्या सुमारास स्पार्टाच्या भीतीने अथेन्सचेच दूत सार्डिसला मैत्री मागायला गेले होते आणि तिथल्या क्षत्रपाने, म्हणजे इराणी सुभेदाराने, अट घातल्यावर त्यांनी माती आणि पाणी देण्याचे, म्हणजे अंकित होण्याचे, मान्य केले होते. घरी परतल्यावर त्यांच्यावर ठपका ठेवला गेला. पण झर्क्सिसचा बाप सम्राट दारियस याच्या दरबारातून पाहिले तर अथेन्स तेव्हापासून शब्द मोडणारे मांडलिक होते. पहिले प्रकरण या प्रसंगावर लिही आणि महिनाअखेरीपर्यंत माझ्याकडे पाठव.

तुझे सर