वडील गेलेल्या वर्षी नाताळात देवाचे आभार कसे मानावेत?

यंदा आपले वडील गेले, नाताळ तोंडावर आला आहे, घरची मंडळी ‘देवाचे आभार मान’ म्हणत आहेत आणि मन काही तयार होत नाही. अशा वेळी ख्रिस्ती माणसाने कृतज्ञता व्यक्त करावी तरी कशी, असे आपण विचारले आहे. मी गोव्यात बार्देशात राहणारा कॅथलिक आहे. मला जे उमगले आहे, ते लिहितो.

वडिलांच्या मृत्यूबद्दल आभार माना, असे आपला धर्म कुठेही सांगत नाही. ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ हे प्रेषित पौलाचे बायबलमधले वचन (1 थेस्सलनीकाकरांस 5:18) आपल्याला कुणी ऐकवले असेल, तर त्याच पत्राचा आधीचा अध्यायही वाचावा. तिथे पौल मृतांसाठी झुरणाऱ्या माणसांची समजूत घालतो आणि आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका, एवढेच सांगतो. म्हणजे उपकारस्तुतीचा हा उपदेश ज्यांना झाला, त्यांच्यातही शोकाकुल माणसे होती. प्रभू येशू स्वतः आपला मित्र लाजर मेल्यावर त्याच्या कबरीकडे जाताना रडला आणि त्याच कबरीसमोर त्याने पित्याचे, म्हणजे देवाचे, आभारही मानले (योहान, अध्याय 11). मला तर या विषयावर याहून मोठा आधार ठाऊक नाही: रडणे आणि आभार मानणे, दोन्ही एकाच प्रसंगी, एकाच माणसाचे.

आता प्रत्यक्षात काय करावे? आमच्या वाड्यावर ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल, तिथे नाताळाचे गोडधोड होत नाही. शेजारी आपापल्या घरचा कुस्वाद, म्हणजे नेवऱ्या, दोदोल, कुलकुल यांचे ताट, त्या घरी पोहोचवतात. चतुर्थीला करंज्या देणारी हिंदू घरेही या देवाणघेवाणीत असतात. यंदा आपण घेणाऱ्यांत आहात, आणि मनापासून घेणे हीसुद्धा कृतज्ञताच आहे, असे मी आवर्जून सांगेन. ताट आले की ‘कशाला एवढे केले’ असे म्हणून संकोचू नका. दोदोल करायला तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ एकत्र करून मिश्रण कढईच्या कडा सोडून तेल सुटेपर्यंत तासन्‌तास ढवळत राहावे लागते; एका हाताचे ते काम नव्हे. त्यामागे माडावर चढून गुळासाठी सूर, म्हणजे माडी, काढणारा रेंदेर आहे, नारळ पाडणारा पाडेली आहे, चुलीपाशी आळीपाळीने उभ्या राहिलेल्या बायका आहेत. जेवणाआधीच्या प्रार्थनेत या माणसांचा उल्लेख करावा. देवाचे आभार त्यामुळे मोघम राहत नाहीत.

वडिलांच्या आजारपणात कुणी रात्री जागवल्या असतील, कुणी औषधे आणून दिली असतील, अंत्यविधीची धावपळ कुणी निमूटपणे उरकली असेल. नाताळाआधीच्या आगमनकाळात त्यांच्या घरी जाऊन तसे बोलून दाखवा. येशूने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच, तोही परका मानला गेलेला शमरोनी, परत आला आणि बाकीचे नऊ कुठे आहेत असे येशूने विचारले (लूक 17:11-19), यावरून आभार मनातल्या मनात ठेवून भागत नाही, असे मला वाटते. फोनवरचा तयार शुभेच्छासंदेश अशा माणसांना पाठवू नये.

वडिलांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थनाविधी, सांगताना त्यांच्या आत्म्याच्या शांतीबरोबर त्यांच्या आयुष्याबद्दल उपकारस्तुती हाही हेतू फादरांना कळवता येतो. वर्षाच्या शेवटच्या दिवशी, 31 डिसेंबरला, कॅथलिक परंपरेत ‘ते देउम’ हे उपकारस्तुतीचे प्राचीन स्तोत्र गातात. त्या उपासनेला जरूर जावे. गळा दाटून आला तर गाऊ नये, नुसते उभे राहावे. चर्चची उपासना सामुदायिक असते, ती अशाच वेळांसाठी.

घरात गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, मांडावा की नाही, हेही आपण विचारले होते. माझ्या मते मांडावा. रोषणाई आणि संगीत यंदा नसले तरी चालेल, पण गोठ्यातले बाळ शोक असलेल्या घरांसाठीच आधी आले आहे.