दिंडीत पहिल्यांदा चालणाऱ्यास

चि. बाळास,
रामकृष्ण हरी. अनेक आशीर्वाद.

यंदा दिंडीत चालायचं ठरवलंस, फार आनंद झाला. पादुका, पावली, एकमेकांच्या पाया पडणं, या सगळ्याचा अर्थ निघण्याआधी समजून घ्यायचाय असं लिहिलंयस. मला जे उमगलंय ते असं, की वारीत आपलं पाऊल आपल्या एकट्याच्या मालकीचं राहत नाही. ते सोबतच्यांच्या हवाली करायचं असतं, आणि हेच अवघड जातं.

पालखीपासूनच बघ. त्यात मूर्ती नसते, पादुका असतात. ज्ञानेश्वर माउलींनी 1296 साली आळंदीत संजीवन समाधी घेतली, तरी ज्येष्ठ वद्य अष्टमीला त्यांच्या पादुका पंढरीला निघतात. आधी वारकरी पादुका गळ्यात बांधून नेत असं सांगतात. आजचा पालखी सोहळा एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी बसवला. समाधिस्थ माउलींना चालवायचं ते आपल्या पायांनी, हा त्यामागचा भाव. दिवे घाटाच्या चढावर पोटऱ्या भरून आल्या की तो आठव.

पावलीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तरुण मुलं तिला नाच समजतात आणि तिथेच फसतात. टाळकऱ्यांच्या दोन ओळी समोरासमोर उभ्या राहतात, मृदंग संथ सुरू होतो. पाऊल पुढे पडतं, गुडघा किंचित वाकतो, टाळ खाली येतात. मग तेच पाऊल मागे जातं आणि टाळ वर उठतात. हळूहळू लय चढते. अशा वेळी जोर दाखवायचा मोह होतो, उंच उडी घ्यावीशी वाटते. तसं करू नकोस. समोरच्या ओळीतल्या माणसाच्या पायांकडे बघ. बहुतेक वेळा तो साठी ओलांडलेला असेल, दिवसभर चाललेला असेल, आणि तरी त्याचं पाऊल समेवर अचूक पडत असेल. त्याच्या पावलाला आपलं पाऊल लागलं की आपोआप सगळं जमतं. पुढे गेलेलं पाऊल मागे घेता येणं मला पावलीतलं सगळ्यात मोठं शिक्षण वाटतं, कारण एरवी आयुष्यात ते आपल्याला कोणी शिकवत नाही. वेळापूरजवळ धावा होतो, तिथे मात्र सगळेच पळतात. तिथे पाय आवरू नकोस.

पाया पडण्याचं तुला अवघड वाटेल, कारण घरी आपण फक्त वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो. दिंडीत तसं नाही. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते तेव्हा देणारा आणि घेणारा दोघंही एकमेकांच्या पाया पडतात. तुझ्या आजोबांच्या वयाचा माणूस ‘माउली’ म्हणत तुझ्या पायाशी वाकेल. संकोचून पाय मागे घेऊ नकोस, आणि ‘अहो, असं काय करताय’ म्हणून त्याला अडवूही नकोस. तो तुझ्या पाया पडत नाही, तुझ्यातल्या माउलीच्या पडतो. त्याच क्षणी तूही वाक. दोघांचे हात एकदमच एकमेकांच्या पायांना लागले की झालं.

सोबत चालून नातं जोडण्याची ही रीत फार जुनी आहे. लग्नातल्या सप्तपदीत सातवं पाऊल सख्याचं असतं, आणि पाणिनीच्या सूत्रातसुद्धा सात पावलांनी होणारी मैत्री आलेली आहे. दिंडीत तर आळंदी ते पंढरपूर पाऊलवाट आहे.

आता पंढरपुराबद्दल. महाद्वारात नामदेव पायरी आहे. येणाऱ्याजाणाऱ्या संतांची पायधूळ आपल्यावर पडावी म्हणून नामदेवांनी पायरीचा दगड व्हायचं मागितलं. म्हणून वारकरी त्या पायरीवर पाय देत नाही, हात लावून ओलांडतो. तिच्यासमोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून ते गेले, आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी इथे आणल्या, अशी परंपरा आहे. जिवंतपणी चोखोबांना अस्पृश्य म्हणून या दारातून आत जाता आलं नाही. त्यांच्या समाजाची पावलं त्यानंतरही शतकानुशतकं बाहेरच अडवली गेली. साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण केलं, तेव्हा ते दार सगळ्यांसाठी उघडलं. एकमेकांच्या पाया पडणाऱ्या आपल्या संप्रदायाच्या उंबरठ्यावर हे घडलं. वारीवर माझं जिवापाड प्रेम आहे आणि म्हणूनच हे तुला माहीत असावं असं वाटतं. वारीत सगळे समान, असं कोणी सहज म्हणून गेलं तर मान डोलावण्याआधी ती समाधी आठव. दर्शनालाही आधी चोखोबांपुढे वाक, मग पायरीला हात लाव.

विठोबाच्या पायांवर डोकं ठेवायचं असेल तर पदस्पर्शाची रांग एकादशीला फार लांब जाते. एवढा वेळ नसेल तर कळसाचं दर्शन घेऊन परत ये, त्यात काही उणं नाही.

दिंडीप्रमुखांशी बोलून नाव आताच घालून ठेव. नव्या वहाणा निघायच्या दिवशी काढू नकोस, आजपासूनच घालून फिर, म्हणजे फोड येणार नाहीत. टाळ मी देतो, येऊन घेऊन जा. एखाद्या संध्याकाळी सवडीने आलास तर अंगणात दोन-चार पावल्याही करून घेऊ.

तुझा,
काका