पानांच्या अर्कापासून ‘नॅनो झिंक’: घरी बनवता येते का, पिकाला उपयोग किती?

शेतकरी बंधू-भगिनींनो,

पाल्याचा काढा करून त्यात झिंक सल्फेट उकळले की नॅनो झिंक (म्हणजे झिंक ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण) तयार होते, अशा चित्रफिती पाहून बऱ्याच जणांनी विचारणा केली आहे. पुन्हा पुन्हा आलेल्या प्रश्नांची उत्तरे इथे देतो.

प्रश्न: कडुनिंबाच्या काढ्यात झिंक सल्फेट उकळून घरच्या घरी नॅनो झिंक बनवता येईल का?

नाही. पण वनस्पतींच्या अर्कापासून धातूंच्या ऑक्साइडचे नॅनो कण बनतात ही गोष्ट खरी आहे, म्हणून फरक कुठे पडतो ते समजून घ्या.

झिंक सल्फेट पाण्यात विरघळले की जस्ताचे (झिंकचे) आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सुटे होतात. पाल्यातली टॅनिन, फ्लेवोनॉइड यांसारखी द्रव्ये त्यातल्या काही आयनांना धरून ठेवतात. इथवर घरच्या पातेल्यातही घडते. पण त्या जस्ताचा ऑक्साइड व्हायचा तर द्रावण अल्कधर्मी करावे लागते, नाही तर मिश्रण आटवून भट्टीत भाजावे लागते. नुसत्या उकळीने यातले काहीच होत नाही. तुमच्या हाती येते ते काढ्याच्या रंगाचे झिंक सल्फेटचे पाणी.

प्रयोगशाळेत पाने स्वच्छ धुऊन त्यांचा अर्क काढतात आणि तो बारीक गाळतात. त्यात झिंक नायट्रेट किंवा झिंक ॲसिटेट मिसळून साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसवर ढवळत लगदा होईपर्यंत आटवतात. मग तो लगदा ४०० अंश किंवा त्याहून अधिक तापमानाच्या भट्टीत भाजतात. भट्टीतून काढलेली पूड गरम असताना पिवळट दिसते आणि थंड झाली की पांढरी होते, हा झिंक ऑक्साइडचा गुणच आहे. एवढ्यावर तिला नॅनो म्हणत नाहीत. क्ष-किरण विवर्तन (क्ष-किरण टाकून कणांची रचना तपासण्याची पद्धत) आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यांच्या तपासणीत कण १ ते १०० नॅनोमीटरचे आहेत हे दिसावे लागते. माणसाचा केस सुमारे ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, तेव्हा हे डोळ्यांनी ओळखण्याचे काम नाही.

रंग बदलला म्हणजे नॅनो झाले, हा समज तर सोडूनच द्या. हिराकस (फेरस सल्फेट) आणि चहाच्या पानांचा काढा एकत्र केला की मिश्रण क्षणात काळे होते. तो काळेपणा बहुतांशी लोह आणि टॅनिन यांच्या संयुगाचा असतो. जुन्या काळची शाई याच रीतीने होत असे.

आणखी एक गैरसमज मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘कडुनिंबापासून केले, म्हणजे त्यात कडुनिंबाचे कीडनाशक गुणही उतरले’ असे काहीजण धरून चालतात. ४०० अंशांच्या भट्टीत पाल्यातले सेंद्रिय द्रव्य जळून जाते. पाल्याचे काम कण घडताना त्यांना एकमेकांना चिकटू न देण्याचे. भाजल्यानंतर उरतो तो झिंक ऑक्साइड. शिवाय पाने कोवळी की जून, कोणत्या हंगामातली, यावर अर्क बदलतो आणि अर्काबरोबर कणांचा आकारही बदलतो. या पद्धतीची मोठी अडचण हीच आहे: आजची खेप आणि पुढच्या महिन्यातली खेप सारखी निघेल याची खात्री नसते.

झिंक नायट्रेट आणून हा प्रयोग घरी करण्याचे कृपया मनातही आणू नका. ते ऑक्सिडीकारक, म्हणजे आग भडकवणारे, आहे. पाल्याच्या अर्काबरोबर आटून सुकले की लगदा एकदम पेट घेऊ शकतो, आणि निघणारा तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड वायू फुप्फुसाला घातक असतो. घरात लहान मुले असतील तर धोका आणखी वाढतो.

प्रश्न: मग तयार नॅनो झिंक ऑक्साइडचा पिकाला फायदा होतो का?

जमिनीत जस्त कमी असेल तर होऊ शकतो. चुनखडीच्या, जास्त सामू (पीएच) असलेल्या जमिनीत जस्त असूनही मुळांना मिळत नाही. मक्याच्या नव्या पानांवर मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंनी फिकट पांढुरके पट्टे येतात, लिंबूवर्गीय झाडांची पाने बारीक राहून शिरांमधला भाग पिवळा पडतो. अशी लक्षणे असतील, किंवा माती परीक्षणात डीटीपीए पद्धतीने (पिकाला मिळू शकणारे जस्त मोजण्याची पद्धत) जस्त ०.६ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ०.६ भाग) खाली आले असेल, तरच जस्ताचा खर्च करा. जस्त पुरेसे असेल तर नॅनो असो वा साधे, फरक दिसणार नाही.

मात्रेबाबत मात्र अजिबात ढिलाई नको. भुईमुगावर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे २५ नॅनोमीटरच्या झिंक ऑक्साइडने १००० पीपीएमला उगवण आणि वाढ सुधारली, २००० पीपीएमला तेच कण घातक ठरले. त्याआधी २००७ च्या एका अभ्यासात मुळ्याच्या रोपांची मुळे सुमारे ५० पीपीएमलाच निम्म्याने खुंटली होती. म्हणजे एका पिकाची मात्रा दुसऱ्याला लावता येत नाही. १००० पीपीएम म्हणजे लिटरला १ ग्रॅम. १५ लिटरच्या पंपाला १५ ग्रॅम. अंदाजाने मूठभर टाकले की पिकाचे नुकसान ठरलेले.

बाकी उपयोगांवर काम सुरू आहे. टोमॅटोच्या करप्यावर कॉपर ऑक्साइड, जिवाणूजन्य मर रोगावर मॅग्नेशियम ऑक्साइड, रंगद्रव्यांनी दूषित पाणी उन्हात शुद्ध करायला टायटॅनियम आणि झिंक ऑक्साइड. मला यात मोठी आशा दिसते. पण कुंडीत किंवा परीक्षानळीत मिळालेला निकाल शेतात तसाच मिळतो असे नाही, म्हणून यांच्या भरवशावर नेहमीची रोगनियंत्रणाची फवारणी थांबवू नका.

प्रश्न: विकत घेताना काय पाहावे?

लेबलवर जस्ताचे प्रमाण, कणांचा आकार, कोणत्या पिकाला किती मात्रा आणि नोंदणी क्रमांक हवा. ‘वनस्पतीजन्य, म्हणून निर्धोक’ एवढेच लिहिले असेल तर घेऊ नका. पाल्यापासून बनवले तरी सुटणारे जस्त तेच असते आणि ते मासे व इतर जलचरांना बाधते. कोरडी पूड हाताळताना चांगला मास्क लावा, वारा असताना पाकीट फोडू नका. पूड पाण्यात विरघळत नाही, तळाशी साका बसतो, म्हणून फवारणी चालू असताना पंप हलवत राहा. पहिल्या वर्षी चार-पाच ओळींवरच वापरा आणि शेजारी तेवढ्याच ओळी साध्या झिंक सल्फेटच्या ठेवा.

प्रश्न: काढा आणि झिंक सल्फेटचे मिश्रण आधीच करून ठेवले आहे. त्याचे काय करू?

त्याची फवारणी करू नका. काढ्याची तीव्रता माहीत नाही, पाने करपतील. ओढ्यात, विहिरीजवळ किंवा जनावरांच्या पाण्याच्या जागी ओतू नका. भरपूर पाणी मिसळून जस्त कमी असलेल्या मोकळ्या रानात पातळ पसरून टाका; एकाच जागी रिते करू नका. पिकाला आत्ताच जस्त हवे असेल तर लिटरला ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि २.५ ग्रॅम चुना घ्या. दोन्ही वेगवेगळे भिजवा, चुन्याची निवळी गाळून मग एकत्र करा आणि ऊन उतरल्यावर फवारा. चुना वगळू नका, त्यानेच पाने करपण्यापासून वाचतात.