पहिल्यांदा अ‍ॅनिमे बघणाऱ्याला

अरे, अ‍ॅनिमे म्हणजे जपानी कार्टून मालिका बघायला घेतोयस, तर सुरुवातीलाच ‘वन पीस’ला हात घालू नकोस. 1999 पासून चालू आहे, हजाराहून जास्त भाग झालेत. ऑफिस सांभाळून त्यात शिरलास की दुसरं काही बघणं होणारच नाही. आधी ‘डेथ नोट’ घे, 37 भागांत गोष्ट संपते.

एक भाग साधारण 24 मिनिटांचा, त्यात दीड मिनिट सुरुवातीचं गाणं आणि जवळपास तेवढंच शेवटचं. रात्री जेवणं आटोपल्यावर आरामात बसतो. एकच, बरं का! थरारक मालिका नेमकी नको तिथे भाग तोडते आणि ‘अजून एकच’ म्हणता म्हणता दोन वाजतात. म्हणून झोपायच्या आधी ‘मुशीशी’ लाव. गिंको नावाचा भटका माणूस गावोगाव फिरतो, बहुतेकांना न दिसणाऱ्या जीवांनी पछाडलेल्यांना भेटतो. बहुतेक भागांत नवी गोष्ट, मागचं काही आठवावं लागत नाही.

शक्यतो जपानी आवाजातच बघ, खाली सबटायटल्स. पण कपड्यांच्या घड्या घालताना बघणार असशील तर सरळ डब लाव. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. आपल्यातले कितीतरी जण ‘डोरेमॉन’ हिंदीतच बघून वाढलेत की.

नव्या मालिका बहुतेक जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरमध्ये सुरू होतात, आठवड्याला एक भाग. त्यातली एखादीच धर. तीन भागांत मन रमलं नाही तर खुशाल सोड. आणि आवडत्या पात्राचं नाव गूगलवर टाकू नकोस, ते कधी मरतं हे टाइप करतानाच कळतं.