महेश्वरची साडी: घाटावर घ्यावी की मागावर?

महेश्वर आणि ओंकारेश्वर अशा दोन दिवसांच्या सहलीत माहेश्वरी साडी कोठून घ्यावी आणि ती अस्सल आहे हे कसे ओळखावे, असे आपण विचारले आहे. साडी कोठूनही घ्या, पण त्याआधी तासभर एखाद्या मागाजवळ घालवा, असे मी सुचवेन. गावात बऱ्याच घरांतून माग चालतात आणि विनंती केल्यास विणकर सहसा आत बोलावतात. किल्ल्यापाशी रेहवा सोसायटी या विणकरांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे विणकामही पाहता येते. एकदा प्रत्यक्ष विणताना पाहिले की दुकानातल्या घड्यांकडे पाहण्याची नजरच बदलते.

माहेश्वरीत सहसा ताणा (उभा धागा) रेशमाचा आणि बाणा (आडवा धागा) सुताचा असतो, म्हणून ती हलकी असूनही तिला झळाळी असते. काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, पदरावर आडवे पट्टे असतात आणि काठातली विटेची, चटईची नक्षी किल्ल्याच्या दगडी कामावरून घेतलेली आहे असे सांगतात. लाटांची नक्षी मात्र थेट नर्मदेचीच. तथापि, नक्षीची नक्कल यंत्रमागावरही होते, त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबू नये. सुरुवातीला मी तसाच विसंबलो आणि घाटाच्या पायऱ्यांजवळ घेतलेल्या साडीचा धागा घरी जाळून पाहिला, तर त्याची कडक काळी गाठ झाली!

ही परीक्षा सोपी आहे. पदराच्या टोकाला सुटे राहिलेले धागे ताण्याचे असतात. विक्रेत्याची परवानगी घेऊन त्यातला एक जाळावा: रेशीम असेल तर जळक्या केसांसारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडली जाते. आडवा सुती धागा कागदासारखा जळतो. धागा वितळून त्याचा मणी झाला, तर तो कृत्रिम समजावा. धागा खरा असला तरी विणकाम हाताचे आहे, हे यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी हँडलूम मार्क या हातमागाच्या सरकारी प्रमाणचिन्हाचे लेबल पाहावे आणि बिलावर ‘हातमाग’ असे लिहून घ्यावे. विणकराकडे थेट खरेदी करताना फार घासाघीस करू नये, असे मला वाटते. एका साडीमागे किती दिवसांचे काम आहे, हे तुम्ही तिथेच पाहिलेले असते.

ओंकारेश्वरला नर्मदेश्वर शिवलिंग (नर्मदेतल्या गुळगुळीत दगडाचे) घेणार असाल, तर नदीतले दगड नर्मदाकाठच्या बकावा गावात यंत्रावर घासूनही घडवले जातात, हे लक्षात असू द्यावे. ‘पाण्याने आपोआप झालेले’ म्हणून कोणी जास्त दर सांगितला, तर तो देण्याची घाई करू नये.